दमलेल्या पायांचा हंगाम

टोणगा काही केल्या फाटकातून आत येईना. दोघे पुढून दोर ओढत होते, एकजण मागून शेपटी पिरगाळत होता, आणि फनार फुटबॉल क्लबचे अध्यक्ष हाज रशाद पांढऱ्या गलाबियाचा घोळ वर धरून बाजूला उभे राहून हुकूम सोडत होते. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

"अरे डोळे बांधा त्याचे. त्याला सगळं दिसतंय."

"डोळे बांधले तर अजिबातच हलायचा नाही, हाज," अम्म बकर म्हणाला. क्लबचे कपडे, बूट, पाण्याच्या बाटल्या सगळं त्याच्या ताब्यात असे, आणि आजपासून टोणगाही.

"मग उजवीकडनं घ्या. उजवा पाय आधी आत पडला पाहिजे. तेवढा शकुन तरी साधा, गाढवांनो."

खेळाडू मैदानाच्या भिंतीला टेकून उभे होते. निम्मे मोबाइलवर चित्रण करत होते, निम्मे जांभया देत होते. वाइल त्यांच्यातच होता, पण त्याच्या दोन्ही अंगांना जागा मोकळी होती. तो टोणग्याकडे बघत होता आणि त्या जनावराविषयी त्याला मनापासून आदर वाटत होता. इथे जमलेल्यांत मनाविरुद्ध पाऊल न टाकणारं तेवढं एकच होतं.

बेत असा होता की टोणगा कापायचा, त्याच्या रक्तात पंजे बुडवून बसवर आणि गोलच्या खांबांवर ठसे उमटवायचे. त्यानंतर वाइलने वुजू करायचा, हातपाय-तोंड धुतलेलं ते पाणी घमेल्यात धरायचं आणि मांडी दुखावलेल्या झियादच्या अंगावर ओतायचं. ज्याची नजर लागली त्याच्याच पाण्याने ती उतरते. मोहल्ल्यातल्या शेखनाही बोलावणं गेलं होतं. ते आले नाहीत. "जनावर कापायचं तर अल्लाहच्या नावानं कापा, गोलच्या खांबाच्या नावानं नको, आणि पोराला आधी चांगल्या डॉक्टरकडे न्या," एवढा निरोप त्यांनी पाठवला. हाजनी तो ऐकला आणि शेख हल्ली म्हातारे झालेत असं जाहीर केलं.

वाइल तेहतिशीचा होता. दम्यात गावातल्या या क्लबात तो मिसरूड फुटायच्या वयात आला आणि आल्यापासून राखीव उजवा बॅक होता. खरा उजवा बॅक नेहमी दुसराच कोणीतरी असे. तो कोणीतरी चांगला असे, म्हणून त्याला देशाच्या संघाचं बोलावणं येई. मग तो उन्हाळाभर आफ्रिका चषक नाहीतर त्याची पात्रता फेरी खेळे, जीव तोडून धावे आणि हंगामाच्या तोंडावर पाय ओढत घरी येई. त्याचे पाय ताजे होईपर्यंत दोन-तीन सामने वाइलच्या वाट्याला येत. पाहुणे आले की माळ्यावरून काढायची गादी असते, तसा तो होता. पाहुणे गेले की पुन्हा वर.

तो वाईट खेळत नसे. वेगाने पळता येत नसलं तरी योग्य जागी उभं राहणं त्याला कळत होतं. पण ते बघायला लोक तिकीट काढत नाहीत. आपली सगळी कारकीर्द दुसऱ्याच्या थकव्यावर चालली आहे हे वाइलला ठाऊक होतं, आणि आरशात दाढी करताना कधीकधी त्याला स्वतःचा तिटकारा येई. एकच हट्ट मनात उरला होता. सोडण्याआधी अर्धा हंगाम, निदान हिवाळ्यापर्यंत, ती जागा आपली म्हणून खेळायची. कोणाच्या पायांची चौकशी न करता सकाळी उठायचं.

यंदाचा खरा बॅक झियाद होता. इज्बत अल-बुर्ग या शेजारगावच्या कोळ्याचा पोरगा, जेमतेम बावीस वर्षांचा, धावायला लागला की वारा. देश उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि झियाद प्रत्येक सामना शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळला. उपांत्य सामना तर जादा वेळेपर्यंत लांबून पेनल्टीवर गेला. तो घरी आला तेव्हा गाल बसले होते. प्रशिक्षक कॅप्टन नश्अतनी त्याला सांगितलं, "दोन आठवडे चेंडूचं तोंड बघायचं नाही. बापाच्या होडीत बस, मासे खा, झोप."

पण हाज रशाद कशाला आहेत? त्यांनी पोराला घरातून उचललं. गव्हर्नरचा सत्कार, नव्या शोरूमचं उद्‌घाटन, शाळेतलं बक्षीस. शिवाय लग्नांचा मोसम. हाजना भाच्या किती आहेत हे त्या उन्हाळ्यातच गावाला कळलं. प्रत्येक भाचीच्या वरातीत झियादला खांद्यावर घेऊन नाचवला. एका मांडवात तर नवरदेवाने त्याला कातडी बुटांत वधूच्या खुर्चीसमोर चेंडू उडवायला लावला, आणि चेंडू केकवर पडला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहाटे घरी पोचलेला पोरगा दुपारी पुढच्या आमंत्रणाला तयार असे. नाही म्हणायला तो शिकला नव्हता, आणि त्याला शिकवणारं कोणी नव्हतं.

हंगाम सुरू झाला. पहिले दोन सामने नश्अतनी वाइलला खेळवलं. एक जिंकला, एक बरोबरीत सुटला. उजव्या बाजूने कोणी आत घुसला नाही. तिसऱ्या सामन्याआधी आखातातल्या एका क्लबाचा माणूस काळा चष्मा लावून दम्यातला आला आणि हाजच्या शेजारी बसून जिलेबीसारखं पाकातलं मिशब्बिक खाऊ लागला. तो झियादला बघायला आला होता.

"पोराला अजून थोडे दिवस हवेत, हाज," नश्अत म्हणाले.

"गिऱ्हाईक शोरूममध्ये बसलंय आणि माल गोदामात ठेवू?" हाजनी विचारलं. साध्या लाकडाला सोनेरी रंग फासून फ्रान्सच्या राजाचा दिवाणखाना म्हणून विकण्यात त्यांचा जन्म गेला होता. माणूस आणि कोच यांत फरक असतो हे त्यांना सांगून पटलं नसतं. नश्अतनी मान खाली घातली. ती त्यांना सहज घालता येत असे, म्हणूनच ते या खुर्चीवर इतकी वर्षं टिकले होते.

झियाद खेळला आणि संघ तीन गोलांनी हरला. तिन्ही त्याच्या बाजूने झाले. महिन्यापूर्वी ज्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं, तेच आता म्हणू लागले की पोरगा शेफारला, डोक्यात हवा गेली, कैरोत कोणीतरी मुलगी आहे. तो दमला आहे, हे एवढ्या मोठ्या गावात एकालाही सुचलं नाही. दमतात ते हमाल आणि सुतार. हिरो कधी दमतो का?

चौथ्या सामन्याच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत झियाद बाकावरून उठला तो भिंतीवरच्या खुंटीला धरून. डॉक्टरने त्याच्या मांडीला मलम चोळलं आणि छताकडे बघत हात पुसले. नश्अत बुटांचे बंद बघत होते. सगळ्यांना दिसत होतं.

वाइल बोलून गेला. "कॅप्टन, याला बसवा आज. मध्यंतरापर्यंत टिकायचा नाही हा. मांडी फाटेल त्याची."

दोघातिघांनी घाईघाईने लाकडी बाकाला हात लावला.

"शुभ बोल रे माणसा," अम्म बकर ओरडला. "अल्लाहचा शकुन खरा, तुझा नको. काय तोंड आहे की गटार?"

"त्याला नाही बसवलं तर ह्याला कसं खेळता येणार?" गोलकीपर म्हणाला, आणि हसण्यासारखं नसूनही काहीजण हसले.

मध्यंतराला थोडा वेळ होता तेव्हा झियाद पडला. त्याच्या आसपास कोणी नव्हतं. चेंडूमागे वळला आणि मांडीमागे हात धरून खाली बसला, लहान मुलासारखा रडायला लागला. त्याच्या जागी वाइलला पाठवलं. रेषेवर पाय ठेवताना त्याने आपल्याच प्रेक्षकांतून आवाज ऐकला. "आलं बघा गिधाड."

दुसऱ्या दिवशी गावाचा निकाल तयार होता. पोराला नजर लागली, आणि कोणाची ते वाइलने स्वतःच्या तोंडाने सगळ्यांसमोर सांगितलं. न्हाव्याने वाइलची दाढी केली पण आरशात त्याच्याकडे बघितलं नाही. पावाच्या रांगेत त्याच्या पुढच्या बाईने कडेवरच्या पोराचं तोंड ओढणीत झाकलं.

घरी नग्ला भेंडी निवडत बसली होती. ती वाइलची बायको, आणि तिची जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार होती.

"उम्म हिंद येऊन गेली," ती म्हणाली. "नातवाचं बारसं आहे उद्या, सातव्या दिवसाचं. म्हणाली, तू ये बाई, मरियमला आण, पण मरियमच्या बापाला दगदग नको. तुझी दगदग कधीपासून लागली तिला?"

"मूर्ख बाई आहे ती."

"असू दे मूर्ख. चौदा वर्षं शेजारी आहे. मरियमच्या सातव्या दिवशी चाळणीत घालून पोरीला झुलवली ती हिनंच." नग्लाने भेंडीचं देठ उडवलं. "तू बोललास कशाला?"

"खरं होतं म्हणून."

"खरं तर डॉक्टरलाही माहीत होतं. तो पगार घेऊन गप्प बसला. तू फुकट बोललास."

"पोराचा पाय वाचला असता, नग्ला."

तिने सुरी खाली ठेवली. "माझ्याकडे बघून सांग. पोराच्या पायासाठी बोललास, की तुला खेळायचं होतं म्हणून?"

गावाला, हाजला, नश्अतना वाइलने मनात हव्या तेवढ्या शिव्या दिल्या होत्या आणि त्यातली एकही परत घ्यायची त्याची तयारी नव्हती. पण हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नव्हता. दोन्ही कारणं एकाच वाक्यात निघाली होती. आता ती वेगळी काढता येत नव्हती.

"बघ, ह्याचाच लोकांना वास येतो," नग्ला म्हणाली, आणि मग हळू आवाजात, "मला काही नाही वाटत. मी तुझ्याच बाजूची आहे. पण वास येतो."

दोन दिवसांनी हाजनी त्याला कार्यालयात बोलावलं. स्वतः ते सिंहाच्या पंजांच्या सोनेरी खुर्चीत बसले होते, समोर येणाऱ्यासाठी स्टूल होतं.

"मी नाही म्हणत तू मुद्दाम केलंस," हाज म्हणाले. "नजर बिचारी मुद्दाम लागत नाही. आईचीही लागते. तू फक्त पाणी दे. पोरगा बरा होईल, आखातवाल्यांची समजूत पटेल, गावाचं तोंड बंद."

"त्याला नजर नाही लागली, हाज. तो दमला होता. तुमच्या भाचीच्या लग्नात—"

"माझ्या भाचीचं नाव तोंडात घेऊ नकोस," हाज घाईने म्हणाले आणि त्यांनी टेबलाच्या लाकडाला हात लावला. "हे बघ. पाणी नाही दिलंस तर मी तुला संघात कसा ठेवू? पोरं तुझ्याशेजारी बसायला तयार नाहीत. आणि दिलंस, तर झियाद पडलाच आहे. हिवाळ्यापर्यंत जागा तुझी. माझा शब्द."

पाणी मागितलं तर नाही म्हणू नये, असं वाइल लहानपणापासून ऐकत आला होता. बापाने एकदा शेजाऱ्याला दिलं होतं, कुरकुर न करता. आपण त्याचसाठी हो म्हणतोय, असं वाइल पायऱ्या उतरताना स्वतःला सांगत राहिला. पण कानांत शब्द एकच घुमत होता, हिवाळ्यापर्यंत.

अखेर टोणगा आत आला तो उलटा. कोणीतरी त्याचं तोंड रस्त्याकडे वळवलं आणि दोर रस्त्याकडे ओढताच तो हट्टाने मागे सरकत सरकत फाटक ओलांडून गेला. डावा पाय आधी पडला. हाजनी तिकडे पाठ केली, म्हणजे त्यांना दिसलं नाही असं ठरलं. कसाई आपल्या कामाला लागला. पंजे बुडाले, बसवर ठसे उठले, आणि बसचा ड्रायव्हर काच पुसायला कोण येणार म्हणून कुरकुरत राहिला.

मग अम्म बकरने निळं प्लास्टिकचं घमेलं वाइलसमोर ठेवलं. वाइल खाली बसला. त्याने हात धुतले, चूळ भरली, नाक, तोंड, कोपरापर्यंत हात, ओला हात डोक्यावरून फिरवला, पाय धुतले. रोज पाच वेळा करत होता तेच. एवढी माणसं बघत असताना मात्र ते चोरी कबूल केल्यासारखं वाटलं, आणि त्याला इतकी लाज वाटली की डाव्या पायाची बोटं त्याने दोनदा धुतली. मोबाइल सगळे वर होते.

झियादला प्लास्टिकच्या खुर्चीत आणून बसवलं होतं, बांधलेला पाय समोर दुसऱ्या खुर्चीवर. अम्म बकर घमेलं उचलायला मागे वळला तेवढ्यात झियाद वाइलच्या कानाशी वाकला. थोरल्या खेळाडूलाही कॅप्टन म्हणायची तिथे रीत होती.

"कॅप्टन वाइल, मी सांगितलं होतं त्यांना. आदल्या दिवशीच. म्हटलं, पाय उचलत नाही. हाज म्हणाले, गिऱ्हाईक गेलं की झोप."

"मग आता सांग ना मोठ्यानं."

पोराने हाजकडे बघितलं. आखाताकडे बघितलं म्हणा. "आता कसं सांगू?" तो म्हणाला. "पाणी आलंय."

ते पाणी मागून त्याच्या डोक्यावर ओतलं. तो शहारला, लोक अल्लाहचं नाव घेऊन पुटपुटले, आणि हाजनी टोणग्याच्या मटणाचे वाटे कुठे जाणार ते मोठ्या आवाजात सांगायला सुरुवात केली. वाइल ओल्या पायांनी तसाच उभा होता. त्याला रुमाल द्यायचं कोणाला सुचलं नाही.

झियादचा पाय बरा होत गेला. व्हायचाच होता. त्याला पहिल्यांदाच कोणी हात लावत नव्हतं. लग्नात मिरवायला पांगळा पाहुणा कोणाला हवा? तो बापाच्या घरी पडून राहिला, मासे खाल्ले, उन्हं वर येईपर्यंत झोपला. कॅप्टन नश्अतनी उन्हाळ्यात सांगितलेलं औषध ते हेच. पण गावात नाव झालं पाण्याचं. अम्म बकर तर सांगत फिरला की पाणी पडताच त्याने स्वतः मांडीवरची सूज उतरताना पाहिली, जी पट्टीखाली होती.

इकडे वाइल खेळत होता. पहिल्या सामन्यात बरा, दुसऱ्यात चांगला. तिसऱ्यात शेवटच्या क्षणी त्याने गोलरेषेवरून चेंडू परतवला आणि संघ जिंकला. सगळे गोलकीपरच्या अंगावर धावले. वाइल गोलच्या खांबाला धरून उभा राहिला. त्याच्या हाताखाली वाळलेल्या रक्ताचा पंजा होता. आपण जिंकलो याचा आनंद त्याला झाला, आणि तो सांगायला जवळपास कोणी नव्हतं याचा रागही आला, दोन्ही खरं.

त्या आठवड्यात नश्अतनी त्याला बाजूला घेतलं. "शनिवारी झियाद," ते म्हणाले. त्यांचे डोळे पुन्हा बुटांच्या बंदांवर होते.

"हिवाळ्यापर्यंत म्हणाले होते हाज."

"ते म्हणाले, पोरगा बरा होईपर्यंत असं त्यांच्या मनात होतं."

"आणि तुमच्या मनात काय होतं, कॅप्टन?"

नश्अतना आपल्या मनात काय आहे ते बघायची सवय नव्हती. ते थोडे चपापले. "तू जाणता आहेस," ते म्हणाले. "पाण्यानं गुण दिला, पोरगा उभा राहिला. तुझंच पुण्य. त्यावर समाधान मान."

म्हणजे पुन्हा तीन सामने. वाइलने वाद घातला नाही. या माणसाशी वाद घालणं म्हणजे ओल्या लाकडाला पॉलिश करणं होतं.

शनिवारी तो नेहमीसारखा लवकर आला. खोलीत झियाद एकटाच होता, पायमोजा चढवत बसलेला, मांडी उघडी. वजन भरलं होतं, चेहऱ्यावर रंग आला होता. वाइलला मनापासून बरं वाटलं, आणि तेच सांगायला तो दोन पावलं पुढे झाला.

झियादने शेजारचा टॉवेल ओढला आणि मांडीवर टाकला.

हात आपोआप गेला होता. तसा तो गेला हे त्याचं त्यालाच कळलं आणि त्याचे कान लाल झाले. पण टॉवेल त्याने काढला नाही. एक कोपरा गुडघ्यावरून घसरत होता, तो त्याने नीट खाली खोचला. "बसा ना, कॅप्टन," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

वाइल समोरच्या बाकावर बसला. मग उठला, बाकाच्या दुसऱ्या अंगाने पाय टाकून तोंड भिंतीकडे केलं आणि पोराचे कपडे घालून होईपर्यंत तसाच बसून राहिला.